मुंबईतील ऐतिहासिक स्मारके आणि स्मृतिचिन्हे : स्थलांतर, नामांतर आणि स्मरण

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यापुढे कागदपत्रे, ताम्रपट, नाणी आणि बखरी उभ्या राहतात. शहरातील चौकांत, रस्त्यांच्या कडेला आणि उद्यानांत असलेली स्मारके मात्र आपण साधन म्हणून क्वचितच वाचतो. ती शोभेसाठी किंवा अभिवादनासाठी आहेत, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक स्मारक हा एक दस्तऐवजच असतो. फरक इतकाच, की कागदावरील दस्तऐवज एकदा लिहिला की पुष्कळसा तसाच राहतो. स्मारकाचा मजकूर मात्र भोवतालचे शहर पुन्हा पुन्हा लिहीत असते. पुतळा हलविला जातो, चौकाचे नाव बदलते, समोर नवे शिल्प उभे राहते आणि जुन्या दगडाचा अर्थ त्याला हातही न लावता पालटतो.

मुंबई हे या प्रक्रियेचे ठळक उदाहरण आहे. ब्रिटिश साम्राज्याचे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर, मुंबई प्रांताची राजधानी, १ नोव्हेंबर १९५६ पासून विशाल द्वैभाषिक राज्याची राजधानी आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राची राजधानी, अशा भूमिका या शहराने बजावल्या. प्रत्येक भूमिकेने आपली स्मारके मागे ठेवली आणि आधीच्या भूमिकेच्या स्मारकांचे काय करायचे, या प्रश्नाला आपापले उत्तर दिले. हे शहर कोणत्या राज्याची राजधानी असावे, या प्रश्नावर येथील रस्त्यांवर रक्त सांडले आहे. त्यामुळे येथील स्मारकांचा विचार हा केवळ सौंदर्याचा विषय राहत नाही.

प्रस्तुत लेखात मुंबईतील काही निवडक स्मारके आणि स्मृतिचिन्हे यांचा आढावा घेऊन एक मुद्दा मांडण्याचा प्रयत्न केला आहे. प्रत्येक स्मारकाला तीन काळ असतात : ज्या घटनेचे ते स्मरण करते तो काळ, ज्यात ते उभारले गेले तो काळ आणि ज्यात ते पाहिले, हलविले किंवा नव्याने नामांकित केले गेले तो काळ. आपले नोंदफलक बहुधा पहिल्या काळाविषयी बोलतात, कधी दुसऱ्याविषयी. तिसऱ्या काळाविषयी ते मौन पाळतात. मुंबईच्या बाबतीत तर खरा इतिहास याच तिसऱ्या काळात घडलेला आहे.

वीरगळ : शहराची सर्वांत जुनी स्मारके

मुंबईतील स्मारकांची कथा इंग्रजांपासून सुरू करण्याची प्रथा आहे. ती बरोबर नाही. बोरिवलीच्या पश्चिमेस एक्सर येथे सहा वीरगळ आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये त्यांचे सविस्तर वर्णन आले आहे. यांपैकी काही शिळांवर वल्ह्यांच्या नौकांतून चाललेले सागरी युद्ध कोरलेले आहे. महाराष्ट्रात वीरगळ असंख्य असले, तरी आरमारी लढाई दाखविणारे वीरगळ दुर्मीळ आहेत. देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या संघर्षाशी काही अभ्यासक या शिल्पांचा संबंध जोडतात.

वीरगळाची रचना लक्षात घेण्याजोगी असते. सर्वांत खालच्या चौकटीत युद्ध आणि मरण, त्यावर अप्सरांनी वीराला स्वर्गात नेणे आणि वर शिवलिंगाची पूजा. शिखरावर पुष्कळदा चंद्रसूर्य असतात. चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती टिको, असा त्यांचा अर्थ. हे स्मारक वाचण्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती. गावातील कोणालाही ते खालून वर वाचता येत होते. शिलाहारकालीन गद्धेगाळाची गोष्टही अशीच आहे. दिलेले दान जो मोडील त्याला दिलेला शाप त्यावर शब्दांबरोबर चित्रातही कोरलेला असे. लेख वाचता न येणाऱ्यालाही त्या चित्राचा धाक कळत होता.

पुढे वीरांची नावे विसरली गेली, राजवटी गेल्या, तरी एक्सरच्या शिळांना स्थानिक लोकांनी देवत्व दिले. स्मारकाचे दैवत झाले आणि म्हणूनच ते टिकले. इतिहासाच्या दृष्टीने हे विस्मरण आहे, पण वस्तूच्या दृष्टीने ते संरक्षण आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी घडू शकतात, ही पहिली नोंद आपण येथे करून ठेवू.

तटबंदीचा पाडाव आणि साम्राज्याची शिल्पे

१८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडण्यात आली. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट हे तिचे तीन दरवाजे नाहीसे झाले. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरातील फोर्ट जॉर्जचा अवशेष वगळता त्या तटाचे फारसे काही उरले नाही. उरले ते नाव. सेंट थॉमस चर्चकडे जाणाऱ्या दरवाजाचे ‘चर्चगेट’ हे नाव आज दररोज लाखो प्रवाशांच्या तोंडी असते. दरवाजा पाडून दीडशेहून अधिक वर्षे उलटली, पण एका रेल्वे स्थानकाने त्याचे स्मरण राखले आहे.

त्याच सेंट थॉमस चर्चपासून, म्हणजे १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या वास्तूपासून, शहरातील मैलांची मोजणी होत असे. तेथून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मैलाचे दगड रोवलेले होते. रस्त्यांची पातळी दरवेळी वाढत गेली आणि हे दगड पदपथांत गळ्यापर्यंत बुडाले. अलीकडच्या काळात त्यांपैकी काहींचा शोध घेऊन, ते उकरून, त्यांची डागडुजी करण्यात आली आहे. साम्राज्याचा शून्य मैल कोठे होता, हे सांगणारे याहून नेमके साधन दुसरे नाही. भव्य पुतळ्यांपेक्षा गुडघाभर उंचीचा दगड कधी कधी अधिक सांगतो.

जेथे चर्च गेट होते, त्याच जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. त्याचा आराखडा नॉर्मन शॉ यांचा आणि शिल्पकाम जेम्स फोर्साइथ यांचे. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यानविद्या संस्थेने हे कारंजे मुळात भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डन्ससाठी योजिले होते आणि ते फ्रिअर यांच्या नावे व्हायचे होते. प्रत्यक्षात जागाही बदलली आणि नावही बदलले. कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी त्याच्या खर्चाचा मोठा वाटा उचलला. पोर्टलंडच्या दगडात घडविलेली रोमन पुष्पदेवता मुंबईच्या जुन्या दरवाजाच्या जागी येऊन उभी राहिली, त्यामागे अशी निर्णयांची साखळी होती. स्थलांतर आणि नामांतर या गोष्टी स्वातंत्र्योत्तर काळातच सुरू झाल्या, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

याच काळात राजघराण्याचे पुतळे आले. मॅथ्यू नोबल यांनी संगमरवरात घडविलेला राणी व्हिक्टोरियाचा पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिला आणि १८७२ मध्ये त्याचे अनावरण झाले. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढील काळातील सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आला होता. त्याच्या स्मरणार्थ अल्बर्ट अब्दुल्ला डेव्हिड ससून यांनी जोसेफ बोएम यांच्याकडून अश्वारूढ ब्राँझ पुतळा करवून घेतला. १८७९ मध्ये तो उभा राहिला. दाते पाहिले तर एक मराठा संस्थानिक आणि दुसरा बगदादहून आलेल्या यहुदी घराण्यातील व्यापारी. साम्राज्याची ही शिल्पे केवळ सरकारने लादलेली नव्हती. स्थानिक प्रतिष्ठेच्या राजकारणाचाही त्यांत भाग होता.

त्याच वेळी विरोधाचे वाचनही सुरू झाले होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. रँडच्या वधाच्या आठ महिने आधीची ही घटना आहे. पुतळा हा राजसत्तेचा प्रतिनिधी आहे, ही सत्तेची भूमिका चापेकरांनी शब्दशः स्वीकारली आणि त्या प्रतिनिधीचा अपमान केला. कोणत्याही कलासमीक्षेपेक्षा हे वाचन अधिक थेट होते.

सामान्यांचे वाचन आणखी वेगळे होते. त्यांनी राजपुत्राकडे पाहिलेच नाही. त्यांनी घोडा पाहिला आणि परिसराला ‘काळा घोडा’ म्हटले. स्वार अनामिक राहिला आणि वाहन नामांकित झाले. यात जाणीवपूर्वक उपहास होता असे म्हणता येणार नाही, पण कोणाचे स्मरण ठेवायचे याचा अंतिम निर्णय कोनशिला करीत नाही, हे मात्र त्यातून स्पष्ट होते.

पाणपोया : खासगी दुःखाची सार्वजनिक रूपे

सत्तेच्या या शिल्पांच्या छायेत मुंबईत स्मारकांची आणखी एक परंपरा विकसित झाली. तिची दखल अभ्यासकांनी उशिरा घेतली. ती म्हणजे दानशूर व्यापाऱ्यांनी बांधलेल्या पाणपोया. भातबाजारातील केशवजी नाईक यांचे कारंजे व घड्याळाचा मनोरा १८७६ चा. फोर्ट भागातील मुळजी जेठा कारंजे रतनसी मुळजी जेठा यांनी अकाली मृत्यू पावलेल्या धरमसी या मुलाच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये उभारले. त्याचा आराखडा व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा असून शिखरावर मुलाची मूर्ती आहे. मुख्य टपाल कार्यालयाजवळील कोठारी पाणपोई १९२३ ची, ती लीलावती या मुलीच्या स्मरणार्थ बांधलेली.

या वास्तूंत स्मरण आणि उपयोग एकरूप झाले आहेत. मेलेल्या मुलाचे नाव घेऊन तहानलेल्याला पाणी पाजणे ही कल्पना आपल्या पूर्तधर्माच्या परंपरेतील आहे, तर तिचे स्थापत्य कधी गॉथिक, कधी राजस्थानी छत्रीसारखे आहे. नळाचे पाणी घरोघर पोहोचले, हमाल आणि बैलगाड्या रस्त्यावरून कमी झाल्या आणि अनेक पाणपोया कोरड्या पडल्या. उपयोग संपला तसे स्मरणही ओसरले. अलीकडे काही पाणपोयांचे जतन झाले आहे. मात्र पाण्याविना जतन केलेली पाणपोई हे स्मारकाचे स्मारक ठरते, याचाही विचार व्हायला हवा.

गेटवे ऑफ इंडिया : आगमनाचा लेख, निर्गमनाची स्मृती

स्मारकाच्या तीन काळांचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे गेटवे ऑफ इंडिया. २ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरली. त्या दिवशी ही कमान अस्तित्वात नव्हती. तिची कोनशिला ३१ मार्च १९१३ रोजी बसविण्यात आली. जॉर्ज विटेट यांच्या अंतिम आराखड्यास १९१४ मध्ये मंजुरी मिळाली. भरावाच्या आणि पायाच्या कामांत वर्षे गेली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वास्तूचे उद्घाटन केले. खर्च सुमारे २१ लाख रुपये झाला. पैशाअभावी नियोजित दर्शनी रस्ता मात्र झालाच नाही. म्हणूनच समोरून येणाऱ्या रस्त्याच्या रेषेत ही कमान बसत नाही.

कमानीवरील लेखात सम्राटाच्या १९११ मधील आगमनाचा उल्लेख आहे. परंतु १९११ आणि १९२४ यांच्या दरम्यान पहिले महायुद्ध, जालियनवाला बाग आणि असहकार आंदोलन होऊन गेले होते. निरंकुश सत्तेच्या आत्मविश्वासाने योजिलेली वास्तू पूर्ण झाली, तेव्हा तो आत्मविश्वास उरला नव्हता. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण याच कमानीखालून स्वदेशी परतली. मायदेशी निघालेली ही शेवटची ब्रिटिश पलटण होती. उद्घाटनापासून जेमतेम सव्वातेवीस वर्षांत स्वागताची कमान निरोपाची कमान झाली. आज या वास्तूविषयी बोलताना आपण बहुधा याच निरोपाचा उल्लेख करतो. दगडावरील लेख एक गोष्ट सांगतो आणि लोकस्मृती दुसरी.

२६ जानेवारी १९६१ रोजी या कमानीसमोर छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. ही कृती तारखेच्या संदर्भातच समजून घ्यावी लागते. नव्या राज्याने जुन्या साम्राज्याची कमान पाडली नाही. तिच्यासमोर आपल्या राज्यकल्पनेचा आद्य पुरुष उभा केला. एकही दगड न हलविता सबंध परिसराचा अर्थ बदलला.

फ्लोरा फाउंटन ते हुतात्मा चौक

अर्थांतराची हीच प्रक्रिया फ्लोरा फाउंटनपाशी अधिक वेदनामय रीतीने घडली. राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा जनसमुदाय २१ नोव्हेंबर १९५५ रोजी विधिमंडळाच्या दिशेने निघाला. या चौकात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात १५ जण मृत्युमुखी पडले. जानेवारी १९५६ मध्ये आणखी अनेकांचे बळी गेले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि चार वर्षांच्या संघर्षानंतर मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला.

राज्यनिर्मितीनंतर चौकाला ‘हुतात्मा चौक’ हे नाव मिळाले आणि हाती मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचे स्मारक तेथे उभे राहिले. येथे काही बाबी लक्षणीय आहेत. एक म्हणजे, हे स्मारक घटनेच्या प्रत्यक्ष जागी आहे. मुंबईतील साम्राज्यकालीन पुतळ्यांपैकी फारच थोड्यांविषयी असे म्हणता येईल. दुसरे म्हणजे, येथे सेनापती किंवा नेता नाही. शिल्पातील व्यक्तींना नावे नाहीत. त्या एका वर्गाच्या प्रतिनिधी आहेत. या अर्थाने हुतात्मा स्मारकाचे नाते समोरच्या रोमन देवतेपेक्षा एक्सरच्या वीरगळांशी अधिक जवळचे आहे. तेथेही राजा नाही, लढताना पडलेला माणूस आहे. तिसरी बाब अशी, की हुतात्म्यांची संख्या लोकांच्या बोलण्यात १०५ अशी रूढ झाली आणि पुढे १०६ व १०७ असेही उल्लेख होत राहिले. सामूहिक स्मारकात संख्या ही व्यक्तीच्या नावाची जागा घेते. म्हणूनच ती नेमकी असणे ही औपचारिकता नसून कर्तव्य आहे.

फ्लोराचे कारंजे मात्र हलविण्यात आले नाही. पुष्पदेवता आणि हुतात्मे एकाच चौकात आहेत. कारंजावर चढलेले रंगाचे थर काढून केलेल्या जतनानंतर जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा वाहते झाले. या कामाच्या दरम्यान जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ आढळले. १८७४ मध्ये घोड्यांनी ओढण्यापासून सुरू झालेली आणि ३१ मार्च १९६४ रोजी थांबलेली ट्राम अशी पुन्हा उजेडात आली. एका चौकात किल्ल्याचा दरवाजा, कारंजे, ट्राम, गोळीबार आणि स्मारक असे पाच थर सापडतात. दादाभाई नौरोजींचा पुतळाही त्याच परिसरात आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगले पाठ्यपुस्तक कोठे मिळणार?

१९६५ : विस्थापित पुतळे

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश पुतळ्यांविषयी रोष वाढत गेला आणि १९६५ मध्ये फोर्ट भागातील अनेक पुतळे हलवून भायखळ्यास नेण्यात आले. राणी व्हिक्टोरिया, काळ्या घोड्यावरील एडवर्ड, कॉर्नवॉलिस, वेलस्ली अशी मंडळी आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या परिसरात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या सान्निध्यात आहेत. उद्यानाचे अधिकृत नाव बदलून अनेक दशके झाली, तरी लोक त्याला अजून ‘राणीची बाग’च म्हणतात. बागेत राणीचा भग्न पुतळा आहे, बागेच्या नावात जिजामाता आहेत आणि लोकांच्या बोलण्यात पुन्हा राणी आहे.

त्याच आवारात याहून कितीतरी जुना विस्थापित आहे. घारापुरीच्या किनाऱ्यावर एक भव्य दगडी हत्ती होता. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात फुटला. त्याचे तुकडे व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये आणण्यात आले आणि पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते जुळविण्यात आले. बेटावर हत्तीचे नाव राहिले आणि हत्ती भायखळ्यात आला. काळा घोडा परिसराचेही असेच झाले. पुतळा गेल्यावर अर्धे शतक केवळ नाव तेथे उभे होते. अखेर २०१७ मध्ये, वास्तुविशारद अल्फाज मिलर यांच्या संकल्पनेतून आणि शिल्पकार श्रीहरी भोसले यांच्या हातून, स्वाराविना एक नवा काळा घोडा तेथे आला. लोकांनी १८७९ नंतर जे वाचन केले होते, त्याला ब्राँझमध्ये मान्यता मिळाली. नावाने आपली वस्तू नव्याने घडवून घेतल्याचे असे उदाहरण विरळा.

पुतळे हलविण्याचा निर्णय योग्य की अयोग्य, हा येथे प्रश्न नाही. स्वतंत्र देशाच्या चौकांत कोणाला मान द्यायचा, हे ठरविण्याचा अधिकार त्या देशाच्या नागरिकांचा आहे. शिवाय हे पुतळे फोडून टाकण्याऐवजी संग्रहालयाच्या सावलीत ठेवण्यात विवेक होता. प्रश्न आहे तो नोंदीचा. १८९६ चे डांबर संगमरवरावरून पुसले गेले, पण ती घटना त्या पुतळ्याच्या चरित्रातील सर्वांत महत्त्वाची घटना आहे. दात्याचे नाव, शिल्पकार आणि अनावरणाची तारीख इतकेच सांगणारा फलक चापेकरांना वगळतो, १९६५ ला वगळतो आणि प्रेक्षकाच्या हाती एक निरुपद्रवी शिल्प देतो.

नामांतराबाबतही हेच म्हणता येईल. एल्फिन्स्टन सर्कलचे ‘हॉर्निमन सर्कल’ झाले, ते एका इंग्रजाच्या नावाच्या जागी दुसऱ्या इंग्रजाचे नाव आले म्हणून नव्हे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बी. जी. हॉर्निमन यांना त्यांच्या निर्भीड लेखनाबद्दल १९१९ मध्ये सरकारने हद्दपार केले होते. हे ठाऊक नसेल तर नामांतराचा मुद्दाच हरवतो. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाचा ट्रक अडविताना चिरडला गेलेला गिरणी कामगार बाबू गेनू काळबादेवीतील रस्त्याच्या नावात आहे. पण रस्त्याची पाटी फक्त नाव सांगते. ते कशामुळे तेथे आले, हे तिला सांगता येत नाही.

चैत्यभूमी : लोकांनी उभारलेले स्मरण

आतापर्यंतच्या उदाहरणांत दाता, सरकार किंवा महानगरपालिका हे कर्ते होते. दादरच्या समुद्रकिनाऱ्यावरील चैत्यभूमीचे स्वरूप भिन्न आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर येथे अंत्यसंस्कार झाले. स्तूप १९७१ मध्ये पूर्ण झाला. परंतु त्याआधीच अनुयायांच्या येण्याने ती जागा स्मारक झाली होती. दरवर्षी ६ डिसेंबरला येथे लाखो लोक येतात. त्यांच्यासाठी लागणारी पुस्तकांची दुकाने हेही या स्मरणाचे एक अंगच झाले आहे. वास्तू लहान आहे, पण स्मरण विशाल आहे. स्मारकाचे मोठेपण उंचीत मोजण्याची सवय लागलेल्या काळाला चैत्यभूमी हे उत्तर आहे. ज्या स्मारकाला वाचक आहेत, त्याला फलकाची गरज कमी भासते. वाचक गमावलेल्या स्मारकालाच फलक हवा असतो.

अध्यापनाच्या दृष्टीने

मुंबईत १९९५ मध्ये वारसा जतनाची नियमावली लागू झाली आणि वास्तूंचे श्रेणीनिहाय वर्गीकरण झाले. व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या प्रयत्नांनी दगड वाचले. त्यांचा अर्थ वाचविण्याचे काम मात्र प्रामुख्याने अध्यापकांचे आहे.

पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना स्मारकदर्शनाला नेताना आपण त्यांना ‘हे कोणाचे स्मारक आहे?’ असे विचारतो. त्याऐवजी पुढील प्रश्न विचारले जावेत : हे कोणी, कधी आणि कोणाच्या पैशाने उभारले? येथील लेख कोणत्या भाषेत आहे आणि तो कोणाला वाचता येत होता? येथे पूर्वी काय होते? लोक या जागेला काय म्हणतात? ते नाव अधिकृत नावाहून वेगळे असेल, तर का? या प्रश्नांसाठी मोठे ग्रंथालय लागत नाही. एक चौक, एक वही आणि परिसरातील एखादा जुना दुकानदार एवढे पुरते. मुंबईबाहेरील महाविद्यालयांनाही आपल्या गावच्या वेशीवर, बाजारात आणि पारावर हाच अभ्यास करता येईल. वीरगळ नसलेली गावे महाराष्ट्रात थोडीच असतील.

निष्कर्ष

१) मुंबईतील स्मारकपरंपरा ब्रिटिशपूर्व आहे. एक्सरचे वीरगळ आणि हुतात्मा स्मारक यांत सामान्य वीराच्या स्मरणाचे सातत्य दिसून येते.

२) स्थलांतर आणि नामांतर हे स्मारकाच्या इतिहासातील व्यत्यय नसून तो इतिहासच आहे. फ्लोरा फाउंटनपासून काळ्या घोड्यापर्यंत हे दिसते.

३) अनेक ठिकाणी वस्तूपेक्षा नाव अधिक टिकाऊ ठरले आहे. चर्चगेट, एलिफंटा, राणीची बाग आणि काळा घोडा ही नावे स्वतंत्र ऐतिहासिक साधने मानावीत.

४) जेथून पुतळे हलविण्यात आले त्या जागी, तसेच जेथे ते नेण्यात आले त्या जागी, उभारणी, विरोध, स्थलांतर व नामांतर यांची तारखांसह नोंद करणारे मराठी फलक असावेत.

राजधानीच्या शहराला आपला भूतकाळ सजवून मांडण्याचा मोह नेहमीच होतो. १९५५ मध्ये या शहरासाठी जे रस्त्यावर पडले, त्यांनी ते कोऱ्या पाटीवर मागितले नव्हते. किल्ल्याच्या पाडलेल्या दरवाजापाशी, परक्या देवतेच्या कारंजासमोर ते उभे होते. त्या जागेचा सगळा इतिहास सांगितला, तरच त्यांच्या बलिदानाचा अर्थ पूर्ण होतो. काही थर झाकून उरलेले दाखविणे हा त्यांचा गौरव होऊ शकत नाही.